बाजींशी समोरून बोलायचं

बाजींशी बोलायचं तर समोर जाऊन उभं राहावं लागायचं. शेजारून आवाज दिला तर त्या आधी थांबत, मग तोफ फिरवावी तसं अख्खं अंग वळवून बघत. बाजूने कुणी चहाचा कप पुढे केला की तो हमखास सांडायचा. परळीत कुणी त्याला गर्व म्हणे, कुणी पिस्तूलवाल्या बाईचा रुबाब. आम्ही रेंजवरच्या मुली त्याला एकाग्रता म्हणायचो. मी तर वसतिगृहाच्या आरशासमोर तसं अख्खं अंग फिरवून बघायची सवय करत होते. आज ते आठवलं की बसल्या जागी अस्वस्थ होते.

रेंज म्हणजे एका बंद पडलेल्या जिनिंगचं गोदाम. वर पत्रे, एका टोकाला लाकडी पाट्यांवर कागदी टार्गेटं, दुसऱ्या टोकाला जमिनीवर ओढलेली पांढरी रेषा. बाजींच्या वडिलांचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. कॉलेजात एनसीसीत त्यांच्या हातात पहिल्यांदा रायफल आली, मग हवेचं पिस्तूल आलं आणि ते त्यांना राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत घेऊन गेलं. लग्न झालं, टिकलं नाही. परत आल्या आणि हे गोदाम भाड्याने घेतलं. गल्लीतली लहान पोरं त्यांना बाजी म्हणत, म्हणजे मोठी बहीण. हळूहळू सगळं गावच म्हणायला लागलं. पोरांचे आजोबासुद्धा.

मी तिथे गेले ती भांडायला. आमच्या दिंद्रुडच्या घरी पाहुण्याला पाण्याआधी पत्रक मिळायचं. वडील चळवळीतले, मला बाराखडी आली ती त्यांच्या पत्रकांच्या मथळ्यांवरून. परळीला कॉलेजात आले तेव्हा आमच्या जिल्ह्यात जो तो कमरेला पिस्तूल लावून मोबाईलवर रील काढत होता. वरातीत हवेत गोळ्या, वाढदिवसाच्या केकशेजारी पिस्तूल. माझं डोकं फिरलं होतं. ‘बंदुका नकोत, वाचनालय द्या’ असं पत्रक लिहिलं, छापून आणलं आणि पहिला गठ्ठा घेऊन बाजींच्या दारात उभी राहिले. बरोबर समोर उभी होते, म्हणून त्यांना दिसले.

त्यांनी पत्रक हातभर लांब धरून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. मला वाटलं, आता हाकलतील. मी घामेजले होते; चष्मा काढला आणि ओढणीने पुसायला लागले. त्यांनी माझा हात धरला.

“मजकूर बरा हाय. पन चष्मा ओढणीनं कावून पुसती?”

औष्णिक केंद्राची राख परळीत सगळ्यांवर सारखी पडते. अंगणातल्या पापडांवर, तुळशीवर, चष्म्यावर. ती काचेवर असताना कापड फिरवलं की काच घासली जाते. बाजींनी मला नळाखाली नेलं, चष्मा पाण्याने धुतला, साबणाचं बोट फिरवलं, झटकला आणि माझ्या नाकावर ठेवला. जग खरंच थोडं उजळलं. मग म्हणाल्या, ज्याच्याविरुद्ध लिहितेस ते एकदा हातात धरून बघ, मग पुढचं पत्रक लिही. त्या दिवसापासून त्यांनी माझं नाव कधी घेतलं नाही. मी पत्रकवाली झाले.

मला वाटलं होतं, नेम धरणं म्हणजे शत्रूकडे डोळे रोखून बघणं. मी तेच करत होते. दूरच्या काळ्या वर्तुळाकडे असं बघायचे की जणू त्याच्यामुळेच आमच्या तालुक्याचं वाटोळं झालं. छर्रे कुठेही जात. बाजी माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. माझं पिस्तूल टेबलावर ठेवलेलं, रिकामं. पिस्तुलाच्या टोकावर उभा असतो तो लहानसा काळा खुंट, त्याला माशी म्हणतात. बाजींनी त्यावर बोट ठेवलं.

“हिला बघ. ते काळं कुठं पळून चाललंय? त्याला धूसर राहू दे. माशी हलली ते तुला दिसलं न्हाई, तर तिकडं बघून काय उपेग?”

डोळा एका वेळी एकच अंतर स्वच्छ दाखवतो, हे पुस्तकात वाचलं होतं. पण ते पाळायला किती जिवावर येतं, हे रेषेवर उभं राहिल्यावर कळतं. समोर एवढं मोठं लक्ष्य आणि आपण बघायचं हातातल्या टोकाकडे! मी चिडायचे. पळपुटेपणा आहे हा, असं एकदा तोंडावर बोलले. बाजी हसल्या आणि पुढच्या लेनकडे गेल्या. जाताना त्यांचा खांदा खांबाला घासला. मला वाटलं, विचारात असतील.

माझ्या चष्म्याचं मात्र काहीतरी करावंच लागणार होतं. माझा नंबर लांबचा, त्यात तिरकाही, म्हणजे सिलिंडरचा. नेम धरताना मान कलली की माझी नजर काचेच्या नाकाकडच्या कोपऱ्यातून जायची आणि माशीला दोन कडा दिसायच्या. बाजी मला बाजारात शफीकभाईंच्या चष्म्याच्या दुकानात घेऊन गेल्या. तिथे त्यांनी मला नेम धरून उभं राहतात तसं आडवं उभं केलं, हात सरळ ताणायला लावला, मुठीत उभी पेन्सिल दिली आणि रस्त्यापलीकडच्या औषधाच्या दुकानाच्या पाटीवर नेम धरायला सांगितलं. बाजारात गर्दी जमली. एका भाजीवालीने विचारलं, पोरीला काय झालं?

शफीकभाई काचा बदलत होते आणि दर काचेला विचारत होते, पाटी स्पष्ट दिसते का. बाजी दर वेळी मध्येच म्हणत, पाटी सोड, पेन्सिलीची कड दिसते का सांग. शेवटी माझ्या रोजच्या नंबरापेक्षा किंचित कमी नंबर ठरला. शफीकभाई कासावीस झाले.

“बाजी, चुकीचा नंबर दिला म्हनून लोकं मला बोलतील. हिला लांबचं धूसर दिसंल.”

“दिसू द्या. हा चष्मा घालून तिला बस पकडायची न्हाई.”

आमच्यासाठी नेमबाजीच्या महागड्या फ्रेमा कुठून येणार? दुकानात डोळे तपासताना नाकावर चढवतात ना, गोल खाचांची, सुटी काच बसवता येते ती फ्रेम, तसलीच एक जुनी फ्रेम बाजींनी शफीकभाईंकडून मिळवली. तीत काच फिरवता येते. मी मान कलवून उभी राहिले की बाजी समोरून बघत काच थोडी फिरवायच्या आणि माशीच्या दोन कडा एक झाल्या का विचारायच्या. दुसऱ्या डोळ्यासमोर त्या श्रीखंडाच्या डब्याचं पांढरं झाकण कापून लावत. डोळा मिटायचा नाही, कारण एक मिटला की दुसराही ताणला जातो. आणि काळी पट्टीही लावायची नाही, उजेड येत राहिला पाहिजे, फक्त दिसलं नाही पाहिजे. बाजींच्या स्वतःच्या डाव्या डोळ्यावरही तसलंच झाकण असे. शिकवतानाही पुष्कळदा त्या ते काढायला विसरत.

एकदा एका पुढाऱ्याचा पुतण्या आला. आरशासारखा गॉगल, कमरेला खरं पिस्तूल, मागे मोबाईल धरलेला मित्र. बाजींनी त्याला गॉगल, पिस्तूल आणि मित्र, तिन्ही बाहेर ठेवून यायला सांगितलं. मित्र आणि पिस्तूल गाडीत गेले. गॉगल काही तो काढेना. बाजींनी हवेचं पिस्तूल दिलं. त्याचा एकही छर्रा कागदाला लागला नाही. “लई अंधार हाय बे इथं,” तो स्वतःशीच पुटपुटला. मग दारात आलेल्या मित्राने फोटो काढावा म्हणून त्याने हातातलं पिस्तूल दाराकडे वळवलं. रिकामं होतं. तरी बाजींनी ते काढून घेतलं आणि त्याला भिंतीवरची पाटी वाचायला लावली. पाटीवर एकच नियम होता: ज्याच्यामुळे कुणाला इजा होऊ शकली असती, त्याला या रेषेवर पुन्हा जागा नाही. तो म्हणाला, काका फोन करतील. बाजी म्हणाल्या, करू देत, त्यांनाबी वाचून दाखवीन. फोन आला. त्यांनी खरंच वाचून दाखवलं.

त्या दिवशी मला बाजी एवढ्या आवडल्या की मी घरी वडिलांना फोन करून सगळं सांगितलं. नियम सगळ्यांना सारखा असतो, हे मी पत्रकात शंभरदा लिहिलं असेल. घडताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात बाजी बदलल्या. राज्य स्पर्धेत त्यांना वयस्कांच्या गटात स्वतः उतरायचं होतं. कितीतरी वर्षांनी. आमच्या जाण्याची त्या वाट बघत आणि मग एकट्या सराव करत. चिडचिड वाढली होती. उंबरठ्याला ठेच, स्टुलाला धडक, आणि मग स्टूल इथे कुणी ठेवलं म्हणून आम्हाला बोलणी. शीतल म्हणजे आमच्यातली सगळ्यात लहान, पाटोद्याची, वसतिगृहात माझ्या खोलीत राहायची. ती एकदा बाजूने त्यांना नमस्कार करून गेली आणि बाजी बोलल्या नाहीत म्हणून रात्रभर रडली. मी तिला एकाग्रतेवर भाषण दिलं.

टार्गेटचे कागद बदलायला आम्हाला चालत पलीकडे जावं लागायचं. सगळ्यांनी पिस्तुलं रिकामी करून ठेवायची, जायचं, नवा कागद लावून रेषेमागे यायचं. मग बाजी मधोमध उभ्या राहून गोदामावर नजर टाकत आणि हुकूम देत. लोड. स्टार्ट.

त्या संध्याकाळी शीतलचा कागद पाटीमागे पडला होता. डाव्या भिंतीच्या कडेला ती वाकून तो काढत होती. मी कोपऱ्यातल्या नळावर चष्मा धूत होते. बाजींनी समोर पाहिलं आणि म्हणाल्या, लोड. मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली. मग त्या म्हणाल्या, स्टार्ट. मी ओरडले. एक छर्रा सुटला होता. तो ज्या मुलीचा होता तिच्याच कागदात गेला, उजवीकडच्या टोकाला. शीतल कागद हातात घेऊन उभी राहिली आणि आमच्याकडे बघून म्हणाली, “काय झालं?”

काही झालं नव्हतं. हवेच्या पिस्तुलाचा छर्रा काय करतो ते सांगते: तो डोळ्यात गेला तर डोळा जातो.

बाजींनी सगळ्यांची पिस्तुलं खाली ठेवायला लावली आणि मुलींना घरी पाठवलं. मी गेले नाही. माझ्या अंगात वडिलांची सगळी पत्रकं एकदम बोलायला लागली. जबाबदारी, बेफिकिरी, पोरींचे जीव, काय काय. बाजींनी मध्ये एकदाही तोडलं नाही. मी दमून थांबले, तेव्हा त्या छर्ऱ्यांच्या डब्यांमागून एक लहानशी बाटली घेऊन आल्या. डोळ्यांत घालायच्या थेंबांची. सील तसंच होतं.

उन्हाळ्याच्या आधी गावात नेत्रतपासणीचं शिबिर झालं होतं. वाचायचा चष्मा घ्यायला म्हणून बाजी गेल्या आणि डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. डोळ्यातला दाब वाढलाय, कडेची नजर जायला लागलीय, हे थेंब रोज घाला. बाजींनी बाटलीवरचं नाव वाचलं. खेळात कोणती औषधं चालत नाहीत हे आम्हाला त्यांनीच घोकून घेतलं होतं. हृदयाचे ठोके संथ करणारी, हात स्थिर ठेवणारी औषधं नेमबाजाला घेता येत नाहीत, मग ती डोळ्यातून का जाईनात. हे थेंब त्याच जातीचे होते. त्यांनी बाटली डब्यांमागे ठेवली. स्पर्धेनंतर बघू.

“डॉक्टरला सांगायचं ना, मी खेळते म्हणून.”

“सांगितलं असतं तर त्यांनी खेळ सोडा म्हटलं असतं. गावाला कळलं असतं. आंधळीच्या हातात पिस्तूल हाय म्हनून कोन पोरगी पाठवंल?”

“पण कडेचं जातंय हे तुम्हाला माहीत होतं.”

त्यांनी बाटली टेबलावर ठेवली. मग त्यांनी सांगितलं ते मी अजून पचवू शकलेले नाही.

“मला वाटलं, कडेचं मला काय करायचंय? माझं काम मधल्याशी. आयुष्यभर कडेचं सोडायलाच शिकले गं. जायला लागलं ते कळलंच न्हाई. कळलं तवा वाटलं, जाऊ दे, तेवढंच ध्यान कमी ढळंल.”

दुसऱ्या दिवशी मी त्यांना लातूरला घेऊन गेले. डोळ्यांच्या दवाखान्यात एक यंत्र असतं. पांढऱ्या घुमटात तोंड घालून मधल्या ठिपक्याकडे बघत राहायचं आणि आजूबाजूला कुठे दिवा चमकला की हातातलं बटण दाबायचं. तिथला तंत्रज्ञ म्हणाला, इतकी स्थिर नजर मी कुणाची पाहिली नाही. बाजी खूश झाल्या. बटण मात्र फारसं वाजत नव्हतं. थोड्या वेळाने त्यांनी घुमटातूनच विचारलं, “दादा, दिवे बंद पडले का?”

दिवे चालू होते. मला दाराशी उभं राहून दिसत होते.

डॉक्टर आत आले तेव्हा बाजी काही बोलायच्या आत मी सांगून टाकलं की या नेमबाज आहेत, त्यांना ते थेंब चालत नाहीत. डॉक्टरांनी मान हलवली. दुसऱ्या जातीचे थेंब आहेत, ते म्हणाले, खेळाला आड न येणारे. आधी का नाही सांगितलं? एवढंच. एक वाक्य विचारलं असतं तर उन्हाळा वाचला असता. जे गेलंय ते परत येणार नाही, उरलंय ते सांभाळू, असं म्हणून त्यांनी नवी बाटली लिहून दिली. परतीच्या बसमध्ये मी रागाने खिडकीबाहेर बघत बसले. बाजी माझ्या शेजारीच होत्या, म्हणजे माझा चेहरा त्यांना दिसत नव्हता. हे मला कळलं तेव्हा घाटनांदूरही मागे पडलं होतं. मी वळून, पुढे वाकून त्यांच्या समोर तोंड नेलं. काय गं, त्या म्हणाल्या. काही नाही म्हटलं.

मला वाटलं होतं, आता त्या गप्प राहतील. बाहेर कुणाला कळलं नव्हतं, कुणाला लागलं नव्हतं. पण त्यांनी परतल्या परतल्या एकेका मुलीच्या घरी फोन लावला आणि स्वतःच्या तोंडाने सांगितलं. चूक माझी, डोळा माझा, तुमी ठरवा. काही मुली दुसऱ्या दिवशीपासून आल्या नाहीत. शीतलचे वडील पाटोद्याहून स्वतः आले. गंभीर माणूस. गोदाम फिरून बघितलं, डाव्या भिंतीजवळ जाऊन वाकून बघितलं, जिथे त्यांची पोरगी वाकली होती. मग पाटीखाली उभे राहिले. नियम वाचला. बाजी त्यांच्या समोरच होत्या. त्यांनी गळ्यातली शिट्टी काढून टेबलावर ठेवली आणि मी या रेषेवर आता हुकूम देणार नाही, असं सांगितलं.

“मग कोन बघनार?” शीतलच्या वडिलांनी विचारलं.

बाजींनी माझ्याकडे बोट केलं.

“हिला? हिलाच चष्मा हाय की.”

“चष्मा हाय म्हनून तर. आपल्याला किती दिसत न्हाई ते हिला ठावं हाय.”

 ते शीतलकडे वळून म्हणाले, चष्मा धुऊन वापर. तिला चष्मा नाही. रेंजवर सगळ्यांना घालावा लागतो त्या साध्या सुरक्षा चष्म्याबद्दल ते बोलत होते. ती राहिली.

नियमाप्रमाणे बाजींना रेषेवर पिस्तूल घेऊनही उभं राहायची परवानगी नव्हती. पाटी तसंच सांगत होती. राज्य स्पर्धेची प्रवेशपत्रिका त्यांच्याकडे आली होती, दाबावर नवे थेंब होते, मधली नजर शाबूत होती. त्यांनी प्रवेशपत्रिका परत पाठवली. मी भांडले. नियम तुमचाच आहे, बदला, म्हटलं. मी, जिने सगळ्यांना सारख्या नियमावर पत्रकं काढली! त्या म्हणाल्या, त्या पुतण्याच्या काकाला फोनवर वाचून दाखवलं ते काय खोटं होतं का?  

मला त्यांचा राग आहे. त्यांनी बाटली बंद ठेवली याचा, शीतल वाकली होती त्या जागेचा. आणि एवढी माणसं रोज नियम पायदळी तुडवून मोकळी हिंडत असताना या बाईने स्वतःला बाहेर काढलं, याचाही आहे. दोन्ही राग एकमेकांना मिटवत नाहीत.

बाजी आता रेषेच्या मागे, दाराशेजारच्या बाकावर बसतात. नव्या मुलींच्या काचा फिरवून देतात, झाकणं कापून देतात. पिस्तुलाला हात लावत नाहीत. समोरून कुणी गेलं की चालीवरून ओळखतात. आम्ही आता बाजूने त्यांना चहा देत नाही. पुढून, दिसेल असा देतो.

मी मधोमध उभी राहते. हुकूम देण्याआधी मान फिरवते, उजव्या भिंतीपासून डाव्या भिंतीपर्यंत, हनुवटी खांद्याला लागेपर्यंत. ते त्यांनीच शिकवलं, स्वतःला उमगल्यावर: डोळ्यावर भरवसा ठेवू नको, मान फिरव. परवा घाई होती, कागद भराभर लागले होते, मी नुसतीच समोर बघून तोंड उघडलं. मागून बाजींनी बाकावर काठी आपटली.

त्यांना माझं तोंड दिसत नव्हतं. मान मात्र दिसत होती. मी बरोबर त्यांच्या समोर उभी होते.

मी डावीकडे वळून पाहिलं. भिंतीची कड मोकळी होती. मग म्हटलं, लोड.